यादी आणि हक्क

२००२ साली देशातल्या खेड्यापाड्यांत दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांचे सर्वेक्षण झाले. प्रत्येक घराला तेरा प्रश्न विचारायचे होते. जमीन किती, घर कच्चे की पक्के, पोटभर जेवण किती वेळा मिळते, कर्ज कोणाचे, गाव सोडून जाता ते कशासाठी. त्यांतला एक प्रश्न कपड्यांचा होता: माणशी नेहमीच्या वापराचे कपडे किती? दोनांहून कमी असतील तर शून्य गुण, दहा किंवा त्याहून अधिक असतील तर चार गुण. तेरा प्रश्नांचे मिळून जास्तीत जास्त बावन्न गुण. गुण जितके कमी, तितके कुटुंब गरीब.

हा तक्ता कोणी वाईट हेतूने केला नव्हता. केवळ उत्पन्न विचारून गरिबी कळत नाही, हे त्यामागचे म्हणणे योग्यच होते. पण गुणांची बेरीज होण्याआधीच एक गोष्ट ठरलेली होती. कोणत्या राज्यात किती गरीब असू शकतात, याची मर्यादा योजना आयोगाच्या अंदाजांवरून आखून दिलेली होती आणि तिच्यात जेमतेम दहा टक्क्यांची सवलत होती. आधी आकडा ठरला, मग त्या आकड्यात बसतील एवढी माणसे शोधली गेली. ज्या घराला एक गुण जास्त पडला, त्या घरातली चूल काही अधिक पेटू लागली नाही. मात्र घरकुलाच्या यादीतून ते घर गेले.

गरिबीविरुद्धचे धोरण देशाचे सरकार कसे घडवते, याचे उत्तर आपण बहुधा अर्थसंकल्पातल्या तरतुदींमध्ये शोधतो. मला ते त्याच्या बरेच आधी घेतलेल्या एका निर्णयात दिसते. गरीब कोण, हे कोणी ठरवायचे? सरकारने मोजून, पारखून, यादी करून द्यायचे, की गरजवंताने येऊन मागायचे आणि सरकारने देण्यास बांधील राहायचे? स्वतंत्र भारताने या दोन्ही वाटा चालून पाहिल्या आहेत. तो सगळा अनुभव समोर ठेवला, तर पहिल्या वाटेवर आपण नको इतका विश्वास टाकला आणि दुसरीवर फार थोडा, असे माझे मत झाले आहे.

यादीच्या मुळाशी रेषा आहे. १९६२ साली काही अर्थतज्ज्ञांच्या गटाने १९६०-६१च्या किमतींनुसार माणशी दरमहा वीस रुपये ही किमान गरज मानली. पुढे पुण्याच्या गोखले संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ मध्ये आपला गाजलेला अभ्यास प्रसिद्ध केला. रोज २२५० उष्मांक मिळतील इतका खर्च त्यांनी आधार धरला: त्याच जुन्या किमतींना खेड्यात महिना पंधरा रुपये, शहरात साडेबावीस. या मापाने ग्रामीण भागातली सुमारे ४० टक्के आणि शहरांतली जवळजवळ निम्मी लोकसंख्या रेषेखाली होती. त्या अभ्यासातले हे आकडे सर्वांच्या लक्षात राहिले, त्यातला उपाय मात्र मागे पडला. फेरवाटपाला पुरेल एवढी जमीन देशात नाही, तेव्हा गरिबाला हाताला काम देण्याची जबाबदारी शासनाने घ्यावी, असे या दोघांचे सांगणे होते. त्यांच्या लेखी रेषा हे निदानाचे साधन होते.

निदानाचे हे साधन पुढे उंबरठा बनले. जून १९९७ पासून रेशन सर्वांसाठी राहिले नाही. दारिद्र्यरेषेखालचे आणि वरचे अशी विभागणी झाली. देशात किती टक्के लोक गरीब आहेत याचा अंदाज घेण्यासाठी केलेली पट्टी एकेका माणसाच्या दारात उभी करण्यात आली. नमुना पाहणीतून टक्केवारी सांगता येते. सखाराम गरीब की शेजारचा तुकाराम, हे तिला सांगता येत नाही. ते सांगायला गावात कोणी तरी बसवावा लागतो, आणि तिथे ओळख, भावकी, जात आणि पुढारी यांचा हात यादीला लागतो. एन. सी. सक्सेना यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २००९ मध्ये दाखवून दिले की खऱ्या गरिबांपैकी निम्म्याहून अधिक बीपीएल यादीच्या बाहेरच होते, आणि आत असलेल्यांत गरीब नसलेले बरेच.

रेषा स्वतःही स्थिर नव्हती. २०११ मध्ये योजना आयोगाने सर्वोच्च न्यायालयात शहरासाठी दिवसाला ३२ आणि खेड्यासाठी २६ रुपयांचा आकडा मांडला, तेव्हा देशभर संताप उसळला. २०११-१२ या एकाच वर्षासाठी तेंडुलकर समितीच्या पद्धतीने सुमारे २७ कोटी लोक गरीब निघाले, तर रंगराजन समितीच्या पद्धतीने ३६ कोटींहून अधिक. व्याख्या बदलताच नऊ कोटी माणसे रेषेच्या अलीकडे येतात, इतकी ही रेषा नाजूक आहे. आता नीती आयोग पोषण, शाळा, पाणी, इंधन, घर अशा बारा निकषांवर बहुआयामी गरिबी मोजतो. एकट्या उष्मांकांपेक्षा हे माप निश्चितच माणसाच्या अधिक जवळचे आहे. पण सरकारला आरसा दाखवणे एवढेच त्याचेही काम असावे. कोणाला आत घ्यायचे आणि कोणाला बाहेर ठेवायचे, हा अधिकार त्याला देऊ नये.

गरिबीला सामाजिक बहिष्काराची जोड असते तिथे यादीची मर्यादा सर्वांत ठळकपणे दिसते. १८७१च्या कायद्याने इंग्रज सरकारने कित्येक जमातींवर जन्मतः गुन्हेगारीचा शिक्का मारला. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला आणि या जमाती ‘विमुक्त’ म्हणवल्या जाऊ लागल्या. पण कायदा गेला म्हणून पोलीस पाटलाची नजर बदलली नाही आणि पालांना सातबारा मिळाला नाही. बंजारा समाजाचेच पाहा. आंध्र आणि तेलंगणात तो अनुसूचित जमातींत आहे, कर्नाटकात अनुसूचित जातींत, तर महाराष्ट्रात विमुक्त जातींत. तोच समाज, तीच बोली, तीच तांड्याची वस्ती, आणि राज्याची हद्द ओलांडली की हक्क वेगळे. केंद्राने नेमलेल्या बाळकृष्ण रेणके आयोगाने २००८ मध्ये आणि भिकू रामजी इदाते आयोगाने २०१७ मध्ये अहवाल दिले. दोन्ही आयोगांचे अध्यक्ष महाराष्ट्रातले, कारण या प्रश्नाची चळवळ इथे मोठी झाली. अडीचशेहून अधिक भटक्या-विमुक्त जमाती अनुसूचित जाती, जमाती किंवा इतर मागासवर्ग यांपैकी कोणत्याच यादीत नाहीत, हे इदाते आयोगाच्या अहवालातून समोर आले. ज्याचे गाव ठरलेले नाही त्याला रहिवासी दाखला मिळत नाही. दाखला नाही म्हणून जातीचे प्रमाणपत्र नाही. प्रमाणपत्र नाही म्हणून योजना नाही. ज्यांच्यापर्यंत योजना आधी पोहोचायला हवी, त्यांनाच यादी शेवटी पाहते, किंवा पाहतच नाही.

ऊसतोडणी कामगारांची गोष्ट फार वेगळी नाही. दिवाळीच्या सुमारास बीडसारख्या जिल्ह्यांतून बैलगाड्या आणि ट्रक निघतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची असते. नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ धरला जातो. बाईच्या कामाची स्वतंत्र मोजदादही होत नाही. त्या पाच-सहा महिन्यांत गावात पाहणीला कोणी आले, तर त्याला कुलूप दिसते.

दुसरी वाट मात्र महाराष्ट्रातच सुरू झाली. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये सांगलीच्या तासगाव तालुक्यात रोजगार हमीचा प्रयोग सुरू करवला. मग १९७२चा दुष्काळ आला. ज्यांनी तो पाहिला, त्यांना खडी फोडणारे हात, मिलोची लाल ज्वारी आणि कोरड्या पडलेल्या विहिरी अजून आठवतात. मे १९७३ मध्ये राज्यातल्या दुष्काळी कामांवर पन्नास लाखांच्या आसपास मजूर होते. त्यांतल्या कोणालाही कपड्यांची संख्या विचारली गेली नव्हती. जो कामावर आला, त्याचे नाव मस्टरवर चढले. त्या अनुभवातूनच हमीचे रूपांतर कायद्यात झाले. १९७७ मध्ये विधिमंडळाने तो संमत केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. ग्रामीण भागातल्या कोणाही प्रौढ व्यक्तीने अंगमेहनतीचे काम मागितले, तर पंधरा दिवसांत ते द्यायचे. नाही दिले तर बेकारी भत्ता द्यायचा. राज्यघटनेच्या ४१व्या कलमाने कामाचा अधिकार मार्गदर्शक तत्त्वांत ठेवला होता, जिथे न्यायालयात दाद मागता येत नाही. महाराष्ट्राने तो तिथून उचलून कायद्याच्या पुस्तकात आणला. खर्चासाठी व्यवसाय कर बसवला. मुंबईतल्या नोकरदाराच्या पगारातून कापलेली रक्कम मराठवाड्यातल्या पाझर तलावाच्या मजुरीला जाऊ लागली. शहर आणि गाव यांच्यातले इतके सरळ, इतके उघड नाते त्याआधी कोणत्या करातून निर्माण झाले नव्हते.

ही योजना निर्दोष होती, असे मी म्हणणार नाही. खोटी मस्टरे झाली, मजुरी थकली, बेकारी भत्ता तर जवळजवळ कोणालाच मिळाला नाही. तरी तिच्यात एक गोष्ट मुळातच होती: मागणारा दारात उभा राहिला की उत्तर देण्याची जबाबदारी सरकारवर येई. नवऱ्याने टाकलेली बाई, जिचे नाव घराच्या कोणत्याच कागदावर नसते, ती स्वतःच्या नावाने हजेरी लावू शकत होती.

हाच विचार पुढे दिल्लीत पोहोचला. २००१ च्या सुमारास सरकारी गोदामे धान्याने भरलेली असताना राजस्थानासारख्या राज्यांत दुष्काळाने लोक उपाशी होते. अन्नाच्या हक्काची याचिका सर्वोच्च न्यायालयात गेली. मजूर संघटना, अर्थतज्ज्ञ आणि कार्यकर्ते यांनी रोजगार हमीच्या केंद्रीय कायद्याची मागणी लावून धरली. महाराष्ट्राचा कायदा त्यांच्यापुढे नमुना होता. २००५ मध्ये संसदेने केंद्रीय कायदा संमत केला, फेब्रुवारी २००६ मध्ये २०० जिल्ह्यांत आणि एप्रिल २००८ पासून देशाच्या सगळ्या ग्रामीण भागात तो लागू झाला. वर्षाला प्रत्येक कुटुंबाला शंभर दिवस काम, मजुरांत किमान एकतृतीयांश स्त्रिया, आणि खर्चाची तपासणी गावानेच करायची सोय. २०२० च्या टाळेबंदीत शहरांतून लाखो माणसे पायी गावी परतली. त्यांची यादी करायला ना वेळ होता ना माणसे. पण हमीचा कायदा हजर होता, आणि २०२०-२१ मध्ये सात कोटींहून अधिक कुटुंबांनी त्यावर काम केले.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने या कायद्याच्या जागी नवा कायदा संमत केला. त्यात दिवस शंभरावरून १२५ झाले आहेत, हे स्वागतार्ह. मात्र राज्यवार निधी किती हे केंद्र आधी ठरवणार, बहुतेक राज्यांना खर्चाचा ४० टक्के वाटा उचलावा लागणार आणि ठरलेल्या मर्यादेपुढचा खर्चही राज्यांवरच येणार. म्हणजे मागणी आधी आणि पैसा नंतर, हा हमीचा क्रम उलटतो. २००२ च्या सर्वेक्षणात आधी आकडा आणि मग माणसे, असे झाले होते. निधीच्या बाबतीत तेच पुन्हा घडले, तर १२५ दिवस कागदावर राहतील. म्हणून या कायद्याची परीक्षा दिवसांच्या संख्येवर घेऊ नये. काम मागितलेल्या किती जणांना ते पंधरा दिवसांत मिळाले, हे पाहावे.

काम मागण्याचा हक्क सर्वांना पुरत नाही, हेही खरे. म्हातारा माणूस, अपंग, आजारी यांना कुदळ उचलायला सांगणे हा न्याय नव्हे. दारिद्र्यरेषेखालच्या, ऐंशी वर्षांपेक्षा कमी वयाच्या वृद्धांच्या निवृत्तिवेतनात केंद्राचा वाटा दीड दशकाहून अधिक काळ महिना दोनशे रुपयेच आहे. तो वाढवलाच पाहिजे आणि रेषेची अटही काढली पाहिजे. ‘सगळ्यांना दिले तर पैसा श्रीमंतांवर वाया जाईल’ हा आक्षेप नेहमी घेतला जातो. त्याचे उत्तर शाळेतल्या दुपारच्या खिचडीत आहे. सरकारी शाळेत पहिली ते आठवीच्या पंगतीत बसणाऱ्या प्रत्येक मुलाला ती मिळते. कोणाच्या बापाची ऐपत विचारली जात नाही, म्हणून कोणा मुलाच्या कपाळावर गरिबीचा शिक्का बसत नाही आणि कोणी उपाशीही राहत नाही. चुकून एखाद्या खात्यापित्या घरच्या मुलाने दोन घास खाल्ले, तर ते नुकसान सोसण्याजोगे आहे. चुकून एखादे उपाशी मूल वगळले गेले, तर ते सोसण्याजोगे नाही. धोरण आखणाऱ्यांनी या दोन चुका सारख्या मानू नयेत, एवढीच माझी विनंती आहे.

यादी पूर्णपणे टाळता येणार नाही, हे मान्य करूया. घरकुले मोजकीच असतील तर क्रम लावावा लागेल. पण मग ती यादी उघड्यावर वाचली गेली पाहिजे, आणि ती वाचली जाते त्या ग्रामसभेला आपण गेले पाहिजे. शहरात राहणाऱ्यांनीही आपल्या गावची यादी एकदा मागवून पाहावी. यादीत कोणाचे नाव आले, हे तर सगळेच बघतात. आपण तिथे उभे राहून पालावर कोण राहतो, ऊसतोडीला कोण गेले आहे आणि त्यांची नावे का नाहीत, हे विचारूया.