नाव न ठरलेला आजार

गतवर्षीच्या पावसाळ्यात, रविवारच्या मिस्साबलिदानानंतर, आमच्या धर्मग्रामातील एक तरुण आमच्यापाशी येऊन थांबला. तो कारखान्यात पॉवर प्रेसवर काम करतो. दोन महिन्यांत दोनदा त्याची शुद्ध हरपली होती. एकदा घरी, एकदा स्टेशनच्या पुलावर. एका डॉक्टरांनी अपस्मार म्हणून गोळ्या सुरू केल्या. दुसऱ्यांनी ती साधी भोवळ ठरवली. तिसऱ्यांच्या मते झटके खरेच, पण त्यांचे मूळ मनावरील ताणात होते. ईईजी निर्दोष आला. मात्र अपस्मार असलेल्या अनेकांचा पहिला आलेख निर्दोषच येतो, त्यामुळे त्यावरूनही काही ठरेना. अशात कारखान्याच्या आरोग्यतपासणीचा फॉर्म आला. त्यात फीट येतात काय, असा रकाना होता.

“फादर, ‘नाही’ लिहिले तर पाप लागेल का?”

प्रश्न पापाचा होता, त्याहून अधिक पोटाचा होता. त्याच्या भीतीला आधार आहे. अपस्मार हे विवाह रद्दबातल ठरविण्याचे कारण म्हणून आपल्या विवाहविषयक कायद्यांतून वगळले गेले ते १९९९ साली. लोकांच्या मनातून ते अजून गेलेले नाही. सेवेत असताना अपंगत्व आलेल्या सरकारी कर्मचाऱ्याला २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाचे संरक्षण आहे. खासगी कारखान्यातील कामगाराला तेवढा आधार नाही. शिवाय आजाराचे नावच ठरलेले नसेल, तर दाखला तरी कशाचा मिळवावा?

आठवी आज्ञा खोटे बोलू नये असे सांगते. सर्व काही सर्वांना सांगावे असे सांगत नाही. ज्याला जाणण्याचा हक्क नाही त्याच्यापुढे सत्य उघड करण्याचे बंधन कोणावर नाही, ही ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षणग्रंथातील शिकवण आहे. तिच्या आधारे आम्ही त्याला म्हणालो, की तीन डॉक्टरांना जे नाव ठरविता आले नाही ते मालकाला देण्यास तू बांधलेला नाहीस. सहकाऱ्यांना तर नाहीच नाही.

पण प्रेसवर पत्रा धरणारा दुसरा मुलगा असतो. त्याला आजाराच्या नावाशी कर्तव्य नाही. तू कोसळू शकतोस, एवढे मात्र त्याच्या हाताच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. वाहन परवान्याच्या अर्जातही अपस्माराबरोबरच कोणत्याही कारणाने अचानक शुद्ध हरपते काय, असे विचारतात. तेथे कारणाचा वाद गौण ठरतो. म्हणून ‘हो’ वा ‘नाही’ न लिहिता, दोनदा शुद्ध हरपली, कारण अनिश्चित, तपासण्या चालू आहेत, एवढेच लिहावे आणि यंत्रापासून दूरचे काम मागावे, असे आम्ही सुचविले. डॉक्टरांनी त्या अर्थाची चिठ्ठीही दिली.

आम्हांला पगारकपातीची भीती नाही. असा सल्ला देणे आम्हांला सोपे होते, हे येथे नमूद केले पाहिजे.

त्याला स्टोअरमध्ये बसविण्यात आले. नोकरी राहिली, ओव्हरटाइम गेला, आणि घराचे हप्ते त्याच पैशांतून जात असत. तो अजूनही नियमित भेटतो, बोलतो. त्याची आई मात्र मिस्सानंतर दुसऱ्या दाराने बाहेर पडते. तिला अडवून काय सांगावे, हे आम्हांला अद्याप उमगलेले नाही.