स्वच्छ मुखाची मोजणी

खुपरी या नेत्ररोगाविषयीं मंडळींत आतां बोलण्याचें प्रयोजन काय, असें कोणी विचारील. हा रोग भारतांत सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न उरला नाहीं, असें २०२४ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें जाहीर केलें. तथापि रोगाचें बीजच नष्ट झालें, असा त्याचा अर्थ नव्हे. १ ते ९ वर्षें वयाच्या १०० मुलांत रोगी ५ हून कमी असावे, अशी त्यांतील एक मर्यादा आहे. बालपणीं वारंवार लागण झाली म्हणजे पापणी आंतून आंखडते, केस आंत वळून बुबुळास घासतात आणि प्रौढपणीं दृष्टि जाते. रोग पसरतो तो चिपडांतून व शेंबडांतून. बोटें, माशा आणि चार मुलांचीं तोंडें पुसणारा एकच पदर हीं त्याचीं वाहनें. म्हणून मुलांचीं तोंडें धुणें औषधाइतकेंच आवश्यक मानलें आहे.

परंतु तीं धुतलीं जातात कीं नाहीं, हें मोजावें कसें? आईस विचारिलें असतां ती "रोज धुतें" असेंच सांगते. तिला लबाड म्हणावें काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. ज्या प्रश्नांत दोषारोप दडलेला असतो, त्याचें उत्तर मनुष्य लाजेनें देतो. म्हणून जाणते लोक विचारण्यापेक्षां पाहतात: डोळ्यांत चिपडें नाहींत, नाकाखालीं शेंबूड नाहीं, तें मुख स्वच्छ. हीहि कसोटी अपुरीच. सकाळीं धुतलेलें तोंड दुपारपर्यंत मळतें. आणि तपासनीस येणार असें कळलें म्हणजे सारा गांव तोंड धुऊन बसतो!

आतां आपल्या बुलढाणा जिल्ह्याकडे पाहा. संग्रामपूर, जळगांव जामोद, शेगांव या बाजूस पूर्णेच्या खारपाणपट्ट्यांत विहिरींचें पाणी खारट. तेथें गोड्या पाण्याची घागर जपून वापरावी लागते. घाटावरच्या कांहीं गांवांत उन्हाळ्यांत टँकरची वाट पाहतात. पहाटेस कापूस वेंचावयास गेलेल्या बाईचें मूल मळकें दिसलें, तर वहींत दोष कोणाचा लिहावा? चेहरे मोजणारानें घरांतल्या घागरीहि मोजाव्या, नाहीं तर मोजणी खरी असून निवाडा खोटा होईल. परूशांनीं हात न धुणाऱ्या शिष्यांस कसा दोष लाविला, हें मार्काच्या सातव्या अध्यायांत आपण वाचितों. त्या शिष्यांस पाणी कोठून मिळत होतें, हें त्यांनीं विचारल्याचें तेथें दिसत नाहीं.

इतकें म्हणूनहि, ओंजळभर पाण्यांत एक लहान तोंड धुतां येतें हें खरें आहे, आणि टंचाईची सबब सुगीच्या दिवसांत चालावयाची नाहीं. जे प्रचारक शाळा चालवितात, त्यांनीं दाराशीं एक घागर व तांब्या ठेवावा, मूल आलें कीं तेथेंच तोंड धुवावें, कोणास घरीं परत पाठवूं नये. वहींत दोन रकाने असावे: एक मुखाचा, दुसरा पाणवठ्याच्या अंतराचा. पहिला आईस दाखवावा; दुसरा ग्रामपंचायतीपुढें ठेवावा.