खिशातले मेज

या लेखाचा कच्चा खर्डा आम्ही सुर्ल्यातील घराच्या पडवीत बसून मोबाईलवर लिहिला. आणि तोही मोबाईलसाठी केलेल्या साध्या टिपणवहीत नव्हे, तर मेजावरच्या संगणकासाठी घडविलेल्या ‘व्हिम’ या टेक्स्ट एडिटरमध्ये. आमचा नातू म्हणतो, “आजोबा, हे म्हणजे लिहायचे मेज पाठीवर घेऊन बाजाराला जाणे झाले.” या थट्टेत एक खरा प्रश्न आहे. अंगवळणी पडलेले साधन नव्या जागी नेण्याचा आग्रह, ही निष्ठा की नुसता हट्ट?

१९७६ साली बिल जॉय यांनी ‘व्हीआय’ हा एडिटर लिहिला. ब्राम मोलेनार या डच गृहस्थांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेला व्हिम हा त्याचाच वारस. मोलेनार २०२३ मध्ये निवर्तले. व्हिम फुकट मिळतो. उपयोग झाला तर युगांडातील गरजू मुलांना मदत करा, एवढीच त्यांची विनंती. नोकरीत असताना कचेरीतील यंत्रावर आम्ही व्हीआय शिकलो. आज अँड्रॉइड फोनवर ‘टर्मक्स’ हे मोफत अ‍ॅप घेतले की त्यात व्हिम चालतो.

चालतो, पण सुखाने नव्हे. व्हिममध्ये लिहिणे आणि आज्ञा देणे या दोन वेगळ्या अवस्था आहेत. लिहिणे संपवून आज्ञेकडे वळण्यासाठी एस्केपची कळ लागते. फोनच्या कळफलकावर ती नसते, म्हणून टर्मक्सला तिच्यासाठी वेगळी ओळ द्यावी लागते. आज्ञा रोमन अक्षरांत असल्याने मराठी लिहिताना पुनःपुन्हा कळफलक बदलावा लागतो. शिवाय टर्मक्सच्या पडद्यावर अक्षरांना ठरावीक मापाचे चौकोन मिळतात. आपली जोडाक्षरे आणि वेलांट्या त्यांत अवघडून बसतात.

मग हा खटाटोप कशासाठी? आमच्या थोरल्या बंधूंनी १९९०च्या दशकात पेटीतील मोडी कागदांवरून घराण्याची हकीकत संगणकावर उतरविली होती. पूर्वज कोठून आले, येथे कसे स्थिरावले, देवळातील मान कोणाकडे राहिला, सारे त्यांत होते. बंधू गेले. मागाहून ती फाईल उघडली, तर पडद्यावर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा नुसता गोंधळ. त्या काळचे अनेक मराठी फॉन्ट रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवीत. फॉन्ट हरवला की मजकूरही हरवे. पेटीतील मोडी कागद जाणकाराला आजही वाचता येतात. तीस वर्षांची फाईल मात्र मुकी झाली होती.

सुदैवाने तिची दोन छापील पाने सापडली. त्यांवरून कोणत्या चिन्हामागे कोणते अक्षर आहे हे आम्ही जुळविले, आणि व्हिमच्या एकेका आज्ञेने सबंध फाईलभर चिन्हांच्या जागी युनिकोडमधील अक्षरे घातली. ऱ्हस्व वेलांटी जुन्या फॉन्टमध्ये अक्षराच्या आधी टंकावी लागे, युनिकोडमध्ये ती नंतर येते. तेवढ्या एका गोष्टीत आमचे तीन दिवस गेले. तरीही काही नावे लागेनात. ती ठाऊक होती फक्त वहिनींना, आणि त्या अंथरुणाला खिळलेल्या. मेज त्यांच्या खाटेपाशी नेता आले नाही. फोन नेता आला. त्या नाव सांगत, आम्ही तेथेच दुरुस्ती करीत असू.

यावरून हट्ट सर्वत्र योग्य ठरतो असे आम्ही म्हणणार नाही. केवळ सवयीपोटी आम्ही खिशात मेज वागविले असते, तर नातवाची थट्टा रास्तच होती. बंधूंनाही दोष देववत नाही. हाताशी असलेल्या साधनाने त्यांनी प्रामाणिकपणे लिहिले. परंतु लिहिणाऱ्याचे कर्तव्य लिहून संपत नाही. आपण लिहिलेले पुढच्याला आपल्या साधनावाचून उघडता यावे, ही काळजीही त्यात येते. आपण कोणत्या साधनाने लिहावे हा आपला प्रश्न आहे. तेच साधन वाचणाऱ्यावर लादण्याचा अधिकार आपल्याला नाही.

परवा नातवाने ती फाईल स्वतःच्या फोनवर, आपल्या साध्या टिपणवहीत उघडली आणि वहिनींना पहिले पान वाचून दाखविले. त्याला व्हिम लागला नाही. दोन नावे अजून रिकामी आहेत; वहिनींना आठवतील तेव्हा भरू.