सेवा कुठे उरते?



देवळाच्या भिंतीवर देणगीदारांची पाटी असते. तिच्यावर ज्याचे नाव आहे, त्याला आपले दान कुठे लागले ते दिसते. पण ज्याने मंडप झाडला, वारीत कुणाचे ओझे दोन कोस वाहिले, त्याची सेवा कुठे उरते? हा प्रश्न अहंकाराचा म्हणून झटकू नका. थकल्या वयात तो भल्याभल्यांना छळतो.

मोर्शी तालुक्यातील सालबर्डी तुम्हाला ठाऊकच आहे. महाशिवरात्रीला सातपुड्याच्या कुशीतल्या महादेवाच्या गुहेकडे आपण चढतो. त्या परिसरात लॅमेटा नावाचे थर आहेत. जबलपूरजवळच्या नर्मदेवरील लॅमेटा घाटावरून हे नाव पडले. सुमारे साडेसहा-सात कोटी वर्षांपूर्वी नद्या-तळ्यांच्या काठी साचलेला हा गाळ आणि चुनखडक. सालबर्डीच्या या थरांत डायनासोरची हाडे आणि अंड्यांचे अवशेष सापडले. थोरांचे नाव झाले.

आता धाकट्यांचे ऐका. चंद्रपूर जिल्ह्यात, वरोऱ्याकडे पिसदुरा नावाचे गाव आहे. तेथेही हेच थर आहेत आणि त्यांत प्राण्यांच्या विष्ठेचे दगड झालेले गोळे मिळतात. वंदना प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते सूक्ष्मदर्शकाखाली तपासले, तेव्हा गवताच्या पात्यांत तयार होणारे अतिसूक्ष्म वाळूकण त्यांत आढळले. डायनासोरच्या काळीही गवत होते, हे २००५ मध्ये जगाला कळले. पायदळी तुडवले गेलेले गवत असे साक्षीला उभे राहिले.

त्याच युगात दूर युरोपच्या समुद्रात डोळ्यांना न दिसणारे एकपेशीय जीव तरंगत होते. त्यांच्या अंगावर चुन्याच्या चकत्यांचे कवच असे. एका मिलिमीटरच्या लांबीत अशा शंभराहून अधिक चकत्या ओळीने मांडता येतील. जीव मेला की चकत्या तळाशी जात. हजार वर्षांत थर चढे तो जेमतेम काही सेंटिमीटर. त्यातूनच नैसर्गिक खडूचा पांढरा खडक झाला. इंग्लंडमध्ये डोव्हर येथे त्याचे कडे समुद्रावर शंभर मीटरहून उंच उभे आहेत. त्या युगाला क्रिटेशियस म्हणतात, तेही खडूच्या लॅटिन नावावरून.

तुम्ही म्हणाल, थेंबे थेंबे तळे साचे, हे आम्ही जाणतो. थोडी थोडी सेवा साचते आणि डोंगर होतो. पण माउली, हा दृष्टांत इथे थांबवला तर तो अर्धाच राहील. समुद्र जिथे चार-पाच किलोमीटरहून खोल असतो, तिथे चुन्याची बहुतेक कवचे पाण्यातच विरघळतात. त्यांचा ना थर होतो ना कडा. मग ते जीव व्यर्थ जगले काय? उरण्यातच मोल असेल, तर होय म्हणावे लागेल. पण कड्यात बसलेला जीव आणि विरघळलेला जीव यांच्या जगण्यात काय फरक होता? दोघांनी सारखेच ऊन घेतले, सारखेच कवच घडवले. विरघळलेला चुना पाण्यात मिसळला आणि समुद्रातच राहिला. म्हणून सेवेचे मोल ती घडते त्या क्षणी पुरे होते. मागे खूण उरली काय, न उरली काय, त्यात भर पडत नाही आणि घटही होत नाही.

एवढ्यावर मात्र आपली सुटका नाही. त्या जीवांना एकमेकांची आठवण ठेवता येत नव्हती, आपल्याला येते. निष्काम राहणे ही सेवा करणाऱ्याची शोभा आहे. सेवा घेणाऱ्याने तिचा आधार घेऊन विसरून जाणे हा कृतघ्नपणा आहे. ‘तिला कुठे नावाची हाव आहे!’ असे म्हणून आपण किती जणींना विसरलो, ते आठवा. दिंडीत वर्षानुवर्षे पंगतीची भांडी घासणारी एखादी माय गुडघे गेल्यामुळे आता घरीच असेल. आषाढीला निघण्याआधी तिच्या ओट्यावर जा, पायांवर डोके ठेवा आणि परतल्यावर पहिला प्रसाद तिच्या हाती द्या. पाटी तिने मागितलेली नाही. पण तिची आठवण ठेवणे हे तुमच्या-माझ्याकडचे देणे आहे.

राम कृष्ण हरी.