निघून जाणाऱ्याची गोष्ट

धनजच्या माणसाला कारंजा हे बाजाराचे गाव आणि दर्शनाचेही. नृसिंह सरस्वतींचा जन्म तिथला. आमच्या घरी गुरुचरित्राचा, म्हणजे त्यांची कथा सांगणाऱ्या पोथीचा, सप्ताह बसे. आजोबा वाचत, आजी भिंतीला टेकून ऐके. मुंज लागताच वेद बोलू लागलेला मुलगा संन्यासाला निघतो, आई अंबा रडून त्याला अडवते, आणि दुसरी मुले होईपर्यंत तो थांबतो. तो अध्याय आला की आजी पदर डोळ्यांना लावी. आजोबा पुढची ओवी घेत. देवामागे घर सोडणाऱ्यांच्या कथांत मागे राहिलेल्यांना शोधायची खोड मला तिथूनच लागली असावी.

याच खोडीने मी ख्रिस्ती संत ऑगस्टीनकडे गेलो. जन्म इ. स. 354 चा, आजच्या अल्जीरियातल्या तागास्ते गावचा. वक्तृत्व शिकवून पोट भरणारा हा हुशार माणूस बरीच वर्षे मानी नावाच्या धर्मसंस्थापकाच्या पंथात रमला आणि शेवटी मिलानला पोचला. तिथे 386 साली एका बागेत त्याच्या कानावर लहान मुलाचा सूर आला: घे, वाच. त्याने पौलाचे पत्र उघडले, नजर पडली तेवढ्या ओळी वाचल्या, आणि मन ठरले. पुढच्या वर्षी ईस्टरला बिशप अँब्रोज यांनी त्याला बाप्तिस्मा दिला. पुढे तो हिप्पोचा बिशप झाला आणि 430 साली, शहराला व्हँडल टोळ्यांचा वेढा पडलेला असताना, वारला. माणूस आपल्या बळावर चांगला होऊ शकत नाही, देवाची कृपा लागते, हे त्याचे म्हणणे हजार वर्षांनी मार्टिन ल्यूथरने उचलले. ल्यूथर मुळात ऑगस्टीनच्याच नावाच्या संघातला संन्यासी. स्वतःचे मन आतून उकलून दाखवणारे आत्मचरित्र पश्चिमेला शिकवले तेही ऑगस्टीनच्या तेरा भागांच्या ‘कन्फेशन्स’ने.

त्या तेरा भागांत आई मोनिका नावानिशी आहे, मित्र आहेत. सुमारे पंधरा वर्षे जिच्याशी त्याने संसार केला, जिच्यापासून त्याला मुलगा झाला, तिचे नाव मात्र कुठेही नाही. श्रीमंत घरची मुलगी सांगून आली म्हणून तिला आफ्रिकेला परत धाडले. मुलगा बापाकडे राहिला. ठरलेली नवरी इतकी लहान होती की लग्नाला दोन वर्षे थांबायचे होते. तेवढा धीर न निघून या पंडिताने मधल्या काळात तिसरीच बाई ठेवली. हे सारे तो स्वतः लिहितो, काळजाला जखम झाल्याचेही लिहितो. प्रामाणिकपणाबद्दल त्याला मानावे लागते. पण जहाजात बसलेल्या त्या बाईला काय वाटले?

आपल्याकडे या प्रश्नाचे उत्तर छापील मिळते.

कवी नारायण वामन टिळक, पुढचे रेव्हरंड टिळक, नागपूरला आप्पासाहेब बुटींकडे संस्कृत ग्रंथांचे काम करीत. पुढे राजनांदगावच्या वाटेवर, रेल्वेच्या डब्यात एका गोऱ्या प्रवाशाने त्यांना नवा करार दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे भाकीत केले. डोंगरावरच्या प्रवचनाने टिळकांना धरले. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पत्नी लक्ष्मीबाईंना आधी न सांगता.

लक्ष्मीबाईंनी हे दुःख गिळले नाही आणि मिरवलेही नाही. ‘स्मृतिचित्रे’ या आपल्या आत्मचरित्रात त्या नवऱ्याच्या धांदरटपणाला हसतात, वडिलांच्या सोवळ्याच्या अतिरेकाला हसतात, स्वतःला तर जास्तच. नातलगांमध्ये काढलेले वियोगाचे दिवस, मग नवऱ्याजवळ येऊनही सांभाळलेले वेगळे सोवळे, आणि एके दिवशी जात ही माणसाने केली, देवाने नाही, हे मनाशी लख्ख होणे. त्यांचा बाप्तिस्मा 1900 सालचा. नवऱ्यामागे मुकाट गेलेली बायको असे त्यांना म्हणवत नाही. त्यांना त्यांची स्वतःची पाच वर्षे लागली. माझ्या लेखी मराठीतले खरे ‘कन्फेशन्स’ रेव्हरंडांचे नव्हे, बाईंचे आहे.

टिळकांचे मोठेपण यात कमी होत नाही. ऑगस्टीनने सिसेरोचे लॅटिन टाकले नाही, टिळकांनी तुकोबा टाकला नाही. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. भाषांतरित, अवघडलेल्या उपासनेला त्यांनी अभंग दिला, कीर्तन दिले. 1912 पासून ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकाच्या मराठी विभागाचे ते संपादक होते. 1917 साली मिशनचा पगार सोडून, सगळ्या मिशनांपलीकडे जाणारा ‘देवाचा दरबार’ त्यांनी मांडला. तो पगार सोडणे हेही एक धर्मांतरच होते, आणि कदाचित पहिल्यापेक्षा कठीण. दोन वर्षांत, 9 मे 1919 ला, ते गेले.

ख्रिस्ताचे चरित्र सांगणारे त्यांचे काव्य ‘ख्रिस्तायन’ अर्धवट राहिले होते. सुमारे दहा अध्याय टिळकांचे. पुढचे साठांहून अधिक, लग्नानंतर अक्षरे गिरवायला शिकलेल्या लक्ष्मीबाईंनी रचले. ‘स्मृतिचित्रे’ लिहिण्यासाठी त्यांच्या मागे लागणारा होता मुलगा. त्याचे नाव देवदत्त. ऑगस्टीनच्या त्या बिननावाच्या बाईच्या मुलाचे नाव होते अदेओदातुस, म्हणजे देवाने दिलेला. तो बापाबरोबर बाप्तिस्मा घेऊन, मिसरूड फुटायच्या वयात वारला. देवदत्त टिळक मात्र आईच्या वह्या सांभाळत राहिले. ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग 1934 साली निघाला, 1936 मध्ये आई गेली, आणि पुढच्या वर्षी चौथा भाग छापून आला.