गळ टाकण्यापूर्वी

गेल्या महिन्यात माझा भाचा एक कागद घेऊन घरी आला. मंडळीतील तरुणांनी शनिवार-रविवार जोडून एका लहानशा तळ्यावर मासे धरावयास जाण्याचे ठरविले होते आणि त्याची यादी त्याच्याकडे होती. बांबूच्या चार काठ्या, नायलॉनची दोरी, लहान-मोठे गळ, कणीक, पेंड, गांडुळांसाठी डबा, बादली, कढई, तिखट-मीठ, सतरंजी, बॅटरी. "मामा, काही राहिले का बघा," तो म्हणाला.

मी यादी दोनदा वाचली. "दोन गोष्टी राहिल्या. तळे कोणाचे आहे ते लिहिले नाहीस, आणि मासे किती धरणार तेही लिहिले नाहीस."

तो हसला. "तळे सरकारी आहे, मामा. म्हणजे सर्वांचेच. आणि मासे किती, ते माशांनी ठरवायचे!"

मला हसता आले नाही. कारण पस्तीस वर्षांपूर्वी मीही हेच उत्तर दिले असते.

तेव्हा मी बेळगावात नोकरीला होतो आणि तरुण संघाचा चिटणीस होतो. दसऱ्याच्या सुटीत आम्ही सातजण तालुक्यातील एका गावच्या तळ्यावर गेलो. रविवारची उपासना चुकू नये म्हणून आम्ही फार काळजी घेतली. सकाळी तळ्याच्या बांधावर बसून गीते गाइली, शास्त्रवाचन केले, प्रार्थना केली, आणि मगच गळ टाकले. त्या दिवशी मासे जणू आमची वाटच पाहत होते. कणकेची गोळी पाण्यात पडते न पडते तोच दोरीवरची तरंगती काडी खाली जाई. दुपारपर्यंत बादलीत साठाच्या वर मासे झाले. बहुतेक रोहू आणि कटला, वीतभर लांबीचे. चूल पेटविली, मासे तळले आणि जेवावयास बसण्यापूर्वी मी आभाराची प्रार्थना केली. चांगली लांबलचक केली.

जेवण चालू असता एक वयस्कर भोई बांधावरून आले. बरोबर लहान नातू होता. ते रागावले नाहीत. बादलीत डोकावून म्हणाले, "पावनं, ह्या पोरास्नी जरा वाढू तरी द्यायचं हुतं की. आखाडात सोडल्याली हाईत ती." आम्हांला अर्थ कळेना. मग त्यांनी सांगितले, की तळे त्यांच्या लोकांच्या सोसायटीने लिलावात घेतले आहे. पावसाळ्यात पिल्ले विकत आणून सोडली आहेत. उन्हाळ्यात मासे किलोभराचे झाले म्हणजे जाळी ओढून विकावयाचे आणि त्या पैशांतून कर्ज फेडावयाचे. आम्ही पैसे देऊ केले. त्यांनी घेतले नाहीत. "खाल्लंसा न्हवं, ऱ्हाऊ द्या," एवढे म्हणून ते नातवाचा हात धरून निघून गेले. त्यानंतर ताटातील मासा कोणाच्याही घशाखाली उतरेना.

मला सर्वांत अधिक बोचली ती माझी प्रार्थना. ज्यासाठी मी देवाचे आभार मानले ते देवाने आम्हांला दिले नव्हते. आम्हीच उचलले होते. आम्ही रविवार पाळला, पण शेजाऱ्याचा विचार केला नाही. नियमाचा एक काठ घट्ट धरला की दुसरीकडून हात मोकळे झाले असे माणसास वाटू लागते. तशी आमची गत झाली.

शहरात राहणाऱ्याला वाटते, तळ्यातले मासे पावसासारखे आपोआप येतात. रोहू, कटला, मृगळ यांच्या बाबतीत तसे नाही. हे मूळचे नदीचे मासे. पावसाळ्यात पूर आला म्हणजे वाहत्या पाण्यात ते अंडी घालतात. तळ्याच्या साचलेल्या पाण्यात ते चांगले वाढतात, पण सहसा अंडी घालीत नाहीत. पूर्वी त्यांचे बीज नदीतून गोळा करून आणावे लागे. १९५७ साली ओडिशात डॉ. हिरालाल चौधरी यांनी माशांच्या पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून या जातीच्या माशांना अंडी घालावयास लावण्यात यश मिळविले. त्या कार्याची आठवण म्हणून आपल्या देशात १० जुलै हा मत्स्यशेतकऱ्यांचा दिवस मानला जातो. आता मत्स्यबीज केंद्रातून बोटाएवढी पिल्ले आणून तळ्यात सोडतात. त्यांना बोटुकली असे गोड नाव आहे. तेव्हा गळाला लागलेला वीतभर रोहू हा बहुधा कोणीतरी पैसे मोजून, डब्यातून वाहून आणून, पाण्यात सोडलेला असतो. तो रानातला मेवा नव्हे, पेरलेले पीक आहे. बांधावर उभे राहून पाहणाऱ्यास पीक दिसत नाही, एवढाच फरक.

तळे पंचायतीचे किंवा सरकारचे असले तरी त्यातील मासे धरण्याचा हक्क पुष्कळदा ठेक्याने मच्छीमारांच्या सहकारी संस्थेस दिलेला असतो. काही ठिकाणी गळ टाकण्यासाठीही परवाना लागतो. 'सर्वांचे' या शब्दाचा अर्थ आपण सोयीने 'कोणाचेच नाही' असा करतो. वास्तविक जे एकट्याचे असते त्याची मर्यादा तो एकटा ठरवितो. जे सर्वांचे असते त्याची मर्यादा प्रत्येकाने स्वतः होऊन ठरवावी लागते. म्हणून सार्वजनिक वस्तूपुढे माणसाचा प्रामाणिकपणा अधिक कसाला लागतो. तेथे बहुधा राखणदार नसतो.

शुभवर्तमानांत मासे धरण्याचे प्रसंग पुष्कळ आहेत, पण ते जाळ्याचे आहेत. गळाचा उल्लेख एकदाच येतो, मत्तयाच्या सतराव्या अध्यायात. मंदिराची पट्टी मागणारे पेत्राकडे येतात. पुत्र या नात्याने आपण ती देण्यास बांधलेले नाही, हे प्रभू त्याला समजावून सांगतो. तरीही त्या लोकांना अडखळण होऊ नये म्हणून सरोवरावर जाऊन गळ टाकावयास सांगतो. पहिला मासा वर येईल, त्याच्या तोंडात नाणे सापडेल, ते दोघांसाठी दे. मी हा भाग शब्बाथशाळेत कितीदा तरी शिकविला होता. माझे लक्ष नेहमी नाण्याच्या चमत्काराकडे जाई. त्या तळ्यानंतर प्रथमच दोन गोष्टी दिसल्या. तेथे गळ टाकला तो दुसऱ्याचे देणे देण्यासाठी, आणि पहिल्या माशापाशी काम संपले.

किती धरावे, हा प्रश्न म्हणूनच निघण्यापूर्वीचा आहे. पाण्यापाशी बसल्यावर तो सुटत नाही. काडी बुडाली की हाताला मोह होतो. शेजाऱ्याच्या बादलीत पाच झाले की आपल्याला सहा हवे असतात. 'पुरे' हा शब्द घरून सांगून न्यावा लागतो. नियमशास्त्रात शेताच्या मालकाला सांगितले आहे, की कापणी करताना शेताचे कोपरे गरिबांसाठी राखावे. तो तर स्वतःच्या शेताचा मालक होता! मग पाहुण्याने किती राखावे? अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात पक्ष्याच्या घरट्याविषयी आज्ञा आहे. पिल्ले घ्यावयाची तर घे, पण आईला सोडून दे. तळ्यात ही आज्ञा लागू पडते ती मरळीला. मरळ तळ्यातच अंडी घालते आणि पिलांच्या थव्याची राखण करते. राखण करणारी मरळ गळाला लावली तर तिची सारी पिल्ले इतर माशांच्या तोंडी जातात. एक मासा धरला असे आपण म्हणतो, पण हिशेब शेकड्यांचा होतो.

भाच्याने येथे एक तोड काढली. "मग धरून परत सोडून देतो, मामा. कोणाचे नुकसान नाही, आपली गंमत झाली." हे दिसते तितके सोपे नाही. २००३ साली ब्रिटनमध्ये लिन स्नेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ट्राउट माशाच्या डोक्यावर व तोंडाभोवती इजा जाणणारे मज्जातंतू असल्याचे दाखविले. माशाला आपल्यासारखी वेदना होते काय, याविषयी शास्त्रज्ञांत अजून वाद आहे. परंतु शंका असता तिचा फायदा कोणाला द्यावा? स्वित्झर्लंडच्या २००८ च्या प्राणिसंरक्षण नियमांनी तर सोडून देण्याच्या हेतूनेच मासे धरण्यास मनाई केली आहे. भुकेसाठी जीव घेणे आणि करमणुकीसाठी जीवाला टोचणे, यांत मला पहिले अधिक सरळ वाटते. चुकून लहान मासा लागला तर हात ओले करून, गळ हळूच काढून तो सोडावा. कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तो थरच त्याचे रक्षण करीत असतो. पण सोडण्यासाठीच धरावे, हे माझ्या मनाला पटत नाही. वाचकांचे मत निराळे असू शकेल.

याचा अर्थ तरुणांनी तळ्यावर जाऊच नये असा नाही. पाण्याकाठी गप्प बसावयास शिकणे ही आजकाल लहान गोष्ट नव्हे. गळ टाकून बसलेला मुलगा दोन तास मोबाइल विसरतो, वारा ओळखावयास लागतो, हात रिकामा राहिला तरी कुरकुर न करण्यास शिकतो. शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी मुलांना न्यावे, फक्त पट्टीचे पोहणारे एक वडीलधारे माणूस बरोबर असावे, कारण तळ्याचा गाळ फसवा असतो. तुटलेली दोरी गोळा करून आणावी. तिच्यात पाय अडकून पाणपक्षी मरतात.

चार दिवसांनी भाचा पुन्हा आला. यादी तीच होती, पण वरच्या बाजूला नव्या शाईने चार ओळी होत्या. 'तळे भोई सोसायटीकडे ठेक्याने. चेअरमनना भेटून विचारले. माणशी दोन मासे, बाजारभावाने पैसे देणे. वीतभर असेल तर सोडणे.' खाली कंसात लिहिले होते, 'रविवारी सकाळी उपासनेला परत.'

"आता काही राहिले का, मामा?"

मी म्हणालो, "नाही रे बाबा. आता जेवणापूर्वी आभार मानावयास हरकत नाही."