देणगीचे पुण्य कोणाच्या खाती?

पालघर-बोईसर भागातल्या कुठल्याही सार्वजनिक उत्सवाची बातमी उघडावी, साचा एकच. कार्यक्रम ‘उत्साहात संपन्न’ झालेला असतो, दीपप्रज्वलन मान्यवरांच्या शुभहस्ते झालेले असते, मग व्यासपीठावरच्यांची नावे, मग प्रायोजक, आणि शेवटी आभारप्रदर्शनात राहून गेलेल्यांची भरपाई. ज्या देवाच्या नावाने मंडप उभा राहिला त्याच्या वाट्याला एखादी ओळ येते. यावर थट्टा करणे सोपे आहे आणि ती पुष्कळांनी केलेली आहे. पण या नावांच्या यादीमागे एक खरा धार्मिक प्रश्न दडलेला आहे. सार्वजनिक धर्मकृत्यासाठी पैसा कोणी दिला, कशातून दिला, याने त्या कृत्याच्या धर्मपणाला काही बाध येतो का? बोईसरसारख्या गावात तर हा प्रश्न पोथीतला राहत नाही. तारापूर औद्योगिक वसाहतीने हे गाव वाढवले. उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा, राजस्थान, गुजरात अशा चहूकडून माणसे इथे पोटासाठी आली आणि येताना आपापले देव घेऊन आली. गणपती, नवरात्र, छठ हे सगळे इथे होते, आणि मोठ्या मंडपाच्या कमानीवर बहुधा एखाद्या कारखान्याचे किंवा बांधकाम व्यावसायिकाचे नाव झळकत असते.

या प्रश्नाची दोन तयार उत्तरे आहेत. एक सोवळे: पैसा शुद्ध हवा, देणारा श्रद्धावान हवा, नाहीतर देवापुढचा नैवेद्यही विटाळलेला. दुसरे व्यवहारी: लक्ष्मीला जात नसते, गणपतीपुढे ठेवला की पैसा पवित्रच. आपल्या परंपरेने या दोन टोकांच्या मधे बराच विचार केला आहे. गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. तिथे कसोटी आहे देश, काल, पात्र आणि परतफेडीची अपेक्षा यांची. जो उलट उपकार करू शकणार नाही त्याला दिलेले दान तिथे वरच्या पायरीवर ठेवले आहे. तुकोबा त्याही आधी जातात: धन जोडलेच मुळी कोणत्या वाटेने, हे पाहा, खर्चाचे पुढे. दोन्ही कसोट्या मोलाच्या आहेत, पण दोन्ही देणाऱ्याच्या मनाशी आणि त्याच्या खतावणीशी जाऊन थांबतात. वर्गणी गोळा करणाऱ्या मंडळाला दात्याचे मन दिसत नाही, आणि खतावणी तो दाखवत नाही. सार्वजनिक दानाला म्हणून आणखी एक कसोटी लावावी लागते, असे माझे म्हणणे आहे: दिल्यानंतर देणारा त्या गावाशी, त्या माणसांशी बांधला जातो की सुटतो? बांधणारे दान धर्माचे. सोडवणारे दान, देणारा कितीही श्रद्धाळू असो, फक्त व्यवहाराचे.

ही कसोटी माझ्या मनची नाही. तिचा पुरावा याच किनाऱ्यावर सापडला आहे. तारापूरची खाडी ओलांडली की चिंचणी लागते. तिथे १९५५ मध्ये काही ताम्रपट मिळाले आणि दिनेशचंद्र सरकार यांनी ते वाचून प्रसिद्ध केले. त्यांतला एक शके ८४८ चा, म्हणजे इसवी सन ९२६ चा, राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या काळातला. त्या वेळी संजाणच्या आसपासच्या मुलुखाचा, संयान मंडलाचा, कारभार मधुमती सुगतिप नावाच्या अधिकाऱ्याकडे होता. हा ताजिक, म्हणजे अरब. मधुमती हे मुहम्मद या नावाचे संस्कृत रूप मानले जाते आणि बापाचे नाव सहियारहार असे दिले आहे. त्याला हा मुलूख आधीच्या राजाने, दुसऱ्या कृष्णाने, दिलेला. या माणसाने प्रवाशांसाठी फुकट होडी सुरू केली आणि एक अन्नछत्र घातले. तिथे काय वाढत हेही पटावर आहे: साळीचा भात, कालवणे आणि तूप. अन्नय्य नावाच्या एका ब्राह्मणाने संजाणला देवी भगवतीची मठिका बांधली होती; सुगतिपाचा मंत्री पुव्वय्य याचे त्याला साहाय्य होते. सुगतिपाने राजाची संमती घेऊन त्या मठिकेला एक गाव आणि दुसऱ्या ठिकाणची काही जमीन लावून दिली. कशासाठी, तेही स्पष्ट आहे: मठिकेची डागडुजी, देवीचा नैवेद्य आणि पंचगौडीय परिषदेच्या नऊ जणांचे जेवण.

आज कोणी अशी बातमी दिली तर दोन्ही बाजूंचे लोक दचकतील. मुसलमान अधिकारी देवीच्या नैवेद्याला गाव लावून देतो, आणि ब्राह्मण ते घेतो. त्या काळी मात्र दात्याचा धर्म कोणता, हा आक्षेप कोणी घेतल्याची पटावर खूण नाही. दान कशासाठी, कोणाच्या संमतीने आणि किती काळ, एवढेच पाहिले गेले. इथे लगेच कोणी म्हणेल की ही भक्ती नव्हती, राजकारण होते. बंदराच्या उत्पन्नावर जगणाऱ्या कारभाऱ्याला स्थानिक ब्राह्मण आणि व्यापारी सांभाळायचे होते. अगदी शक्य आहे, मी ते नाकारत नाही. पण मग या आक्षेपाने नेमके काय सिद्ध होते? हेतू संमिश्र असूनही कृत्य धर्माचे ठरू शकते, एवढेच. सुगतिपाच्या मनात काय होते ते हजार वर्षांनी कोणाला कळणार? नऊ माणसांचे जेवण मात्र पटावर वाचता येते. सार्वजनिक धर्म उघड्यावर चालतो, त्याला उघड्यावरचीच कसोटी हवी.

याहून अवघड आक्षेप दुसरा. ताम्रपट तरी काय, दहाव्या शतकातला फ्लेक्सच की! त्यात राजाच्या पराक्रमाची लांबलचक स्तुती आहे, कारभाऱ्याने बंदरांचे अधिपती कसे जिंकले तेही आहे, सगळ्यांची नावे आहेत. मग आजच्या कमानीलाच नावे का ठेवायची? आक्षेप रास्त आहे, आणि म्हणूनच नाव मिरवणे हा दोष मानायला मी तयार नाही. पालघरच्या हुतात्मा स्तंभावरही नावे आहेत. १४ ऑगस्ट १९४२ च्या गोळीबारात गेलेल्या पाच जणांचे स्मरण पालघर दरवर्षी करते, आणि ती नावे नसती तर स्मरण कशाचे करायचे? फरक नावाखाली काय लिहिले आहे त्यात आहे. ताम्रपटात नावाखाली बंधन लिहिलेले असते. चंद्रसूर्य असेपर्यंत हे चालावे, माझ्या वंशजांनी आणि पुढच्या राजांनीही पाळावे, जो मोडेल तो अमुक नरकात पडेल, अशी अशा पटांची रीत. दाता स्वतःला आणि आपल्या मागून येणाऱ्यांना अडकवून घेतो. फ्लेक्सवरचा ‘सौजन्य’ हा शब्द विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी खाली उतरतो आणि त्याच्यामागे काही उरत नाही.

चिंचणीच्याच दुसऱ्या एका पटाने हे अधिक स्वच्छ दिसते. शके ९५६ चा, म्हणजे १०३४ चा हा पट शिलाहारांचा मांडलिक चामुंडराज याचा. त्याने मठिकेला तेलाचा घाणा लावून दिला: देवीपुढे दिवा जळावा आणि मठात येणाऱ्या अध्ययनशील ब्राह्मणांच्या पायांना लावायला तेल मिळावे म्हणून. एका रात्रीचे तेल देऊन तो मोकळा झाला नाही. तेल गाळणारा घाणाच दिला. हा आदेश ज्या नगरजनांना कळवला आहे त्यांत अल्लिय, महर, मधुमत अशी नावे येतात, आणि हंयमन नावाचा समूह येतो, ज्यात अभ्यासकांना पारशांची अंजुमन दिसते. म्हणजे देवीच्या दिव्याची बातमी सगळ्या गावाला, सगळ्या धर्मांच्या माणसांसमोर दिली गेली, जेणेकरून पुढे कोणी दिवा विझवला तर जाब विचारायला साक्षीदार असावेत. सगळे गोडीगुलाबीचे होते असेही नाही बरे. याच मठिकेचे शेजारच्या भिल्लमालदेवाच्या देवळाशी मधल्या जागेवरून प्रकरण झाले होते, आणि देवळाला ठरावीक रक्कम देत जाण्याच्या बोलीवर ते मिटले. तोही लेख तांब्यावरच आहे.

आता तारापूरकडे वळू. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये देशातल्या औद्योगिक पट्ट्यांचा प्रदूषण निर्देशांक काढला, त्यात तारापूर ९३.६९ गुणांनी पहिले आले. वसाहतीचे सांडपाणी नवापूरच्या समुद्राकडे जाते, आणि त्या खाड्यांवर व समुद्रावर मांगेला आणि इतर मच्छीमारांची घरे चालतात. त्यांच्या वतीने हरित लवादाकडे कोण गेले? अखिल भारतीय मांगेला समाज परिषद. ज्ञातिसंस्थेचे काम म्हणजे स्नेहसंमेलन, गुणगौरव आणि वधूवर मेळावा, असा आपला समज असतो. ही संस्था समुद्राच्या पाण्यासाठी दावा लावून वर्षानुवर्षे लढली, आणि जानेवारी २०२२ मध्ये लवादाने शंभरावर कारखान्यांना भरपाई भरण्याचा आदेश दिला. नारळी पौर्णिमेला सातपाटीपासून डहाणूपर्यंत कोळीवाडे वाजतगाजत जाऊन दर्याला नारळ देतात. ज्या समाजाने तो नारळ दिला त्यानेच दर्यासाठी अर्जही केला. मला हा अर्ज नारळाइतकाच धार्मिक वाटतो. किंबहुना अर्ज न करता नुसता नारळ देत राहणे, ज्याला नारळ दिला त्या पाण्यात विष उतरत असताना, हेच अधर्माचे झाले असते.

म्हणून जो कारखाना खाडीत न शुद्ध केलेले पाणी सोडतो आणि भाद्रपदात मंडपाची रोषणाई देतो, त्याचे दान या कसोटीवर नापास होते. तो कोणत्या देवाला मानतो, कोणत्या प्रांतातून आला, याच्याशी मला कर्तव्य नाही. तो रोषणाई देऊन गावाच्या तक्रारीपासून सुटू पाहतो. गीतेतली परतफेडीची अपेक्षा ती हीच. इथे मंडळाचे कार्यकर्ते विचारतील, आणि विचारावेच, की आम्ही काय प्रदूषण मंडळ आहोत? आमच्या पोरांना नोकऱ्या याच वसाहतीत, सगळेच कारखाने काही तसे नाहीत, आणि मोठी देणगी नाकारली तर मूर्ती आणायची कशी? पहिल्या दोन गोष्टी खऱ्या आहेत. प्रामाणिकपणे पाणी शुद्ध करणाऱ्या उद्योजकाला इतरांच्या पापात ओढणे अन्यायाचे होईल. तिसरी मात्र पटत नाही. मूर्तीची उंची हा काही शास्त्राने लावलेला नियम नाही. देणगी थोडी आली तर गणपती लहान बसेल, एवढेच.

राहिला एक आक्षेप, आणि तो मला सगळ्यात जड वाटतो. बांधून घेण्याची ही कसोटी श्रीमंताला पेलेल. पण कंत्राटावर आलेला, भाड्याच्या खोलीत चौघांबरोबर राहणारा कामगार स्वतःला कोणत्या गावाशी बांधणार? त्याची उद्याची पाळी कुठल्या कारखान्यात, हेच त्याला ठाऊक नसते. मग छठच्या पहाटे कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून सूर्याला अर्घ्य देणारी त्याची बायको या कसोटीवर हलकी ठरते का? अजिबात नाही. बंधन केवळ जमिनीचे किंवा पैशाचे नसते. चैत्र पौर्णिमेला विवळवेढ्याच्या महालक्ष्मीच्या यात्रेत गडाच्या सुळक्यावर रात्रीच्या अंधारात ध्वज चढवला जातो. तो मान वाघाडीच्या आदिवासी पुजारी घराण्याचा आहे. लाखांची देणगी देऊनही दुसऱ्या कोणाला तो विकत मिळत नाही, आणि त्या घराण्यालाही तो अंगमेहनतीशिवाय राखता येत नाही. अंगाने बांधले जाणे हेही बांधले जाणेच आहे. छत्तीस तास निर्जळी उपास करणारी बाई आपल्या घराला आणि ज्या पाण्यात उभी राहते त्या पाण्याला बांधली जाते. ते पाणी घाण असेल तर तिचा आणि मांगेल्याचा कज्जा एकच आहे, हे दोघांनाही अजून पुरते उमगलेले दिसत नाही.

कायदा या बाबतीत फारसा उपयोगाचा नाही. धर्मादाय आयुक्तांची कलम ४१ क खालची परवानगी वर्गणीचा हिशेब मागते. कंपनी कायदा मोठ्या कंपन्यांकडून नफ्याच्या दोन टक्क्यांची सामाजिक जबाबदारी मागतो. दोन्ही आवश्यक आहेत, पण दाता गावाला काय देणे लागतो ते दोन्हींत कुठेच विचारले जात नाही. ते मंडळांनाच विचारावे लागेल. पालघर, बोईसर, तारापूर, चिंचणीतल्या मंडळांनी यंदा एवढे करावे: मोठ्या देणगीदाराचे नाव कमानीवर लावायच्या आधी त्याच्याकडून गावाला कळेल असे एक कलम लिहून घ्यावे, उत्सव संपल्यावरही चालू राहील असे. शाळेच्या पाण्याची टाकी असो, वर्षभराचा दवाखाना असो, नाहीतर आपल्या कारखान्याचे सांडपाणी तपासून घ्यायची लेखी हमी असो. ते कलम वार्षिक अहवालात छापावे आणि पुढच्या वर्षी पावती फाडण्याआधी त्याचे काय झाले ते जाहीर विचारावे. जो देणगीदार एवढ्यालाही नकार देईल त्याची रोषणाई घेऊ नये.